‘दीर्घ श्वास घ्या’ एवढ्याने भागत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या पानावर, आणि २१ जूनच्या योगदिनाच्या आगेमागे तर हमखास, मन शांत करणाऱ्या प्राणायामांची एक चौकट छापून येते. पाठ ताठ ठेवा, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, हळूहळू सोडा, रोज दहा मिनिटे. त्यात खोटे काही नसते, पण माप कशाचेच नसते. दीर्घ म्हणजे किती, हळू म्हणजे किती, कोणी करायचे नाही आणि मध्येच गरगरू लागले तर काय करायचे, हे सगळे वाचकावर सोडलेले असते. मग ज्यांना याची खरी गरज आहे तेच लोक, म्हणजे झोप न लागणारे, बारीकसारीक गोष्टीने छातीत धडधडणारे, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, चौकटीबरहुकूम जोर लावून श्वास भरतात. तिसऱ्या मिनिटाला डोके हलके होते आणि ‘आपल्याला प्राणायाम सोसत नाही’ म्हणून ते कायमचे थांबतात. दोष त्या जोराचा असतो.

आमचे म्हणणे असे की, शांत होण्यासाठी श्वास सावकाश झाला पाहिजे, मोठा होण्याची गरज नाही. आणि या सावकाशीची सुरुवात श्वास सोडण्यापासून करायची असते. बाकी सगळे त्याभोवतीचे तपशील. पण नेमके तेच चौकटीत मावत नाहीत, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आधी प्राणवायूबद्दल. ‘खोल श्वासाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो व मन ताजेतवाने होते’ हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की त्यावर कोणी शंकाही घेत नाही. निरोगी माणूस नुसता बसलेला असताना त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९५ ते ९९ दिसतो. तिथे आणखी भरायला जागाच फारशी नसते. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेतही १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहतो, म्हणजे आलेला सगळा आपण वापरतही नाही. जोराने आणि भराभर श्वास घेतल्यावर खरा फरक पडतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. तो गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो, रक्ताची आम्लता कमी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. डोके हलके होणे, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, कधी बोटे आखडून वाकडी होणे, हे सगळे त्यातून येते. या मुंग्यांना ‘शक्ती जागी होत आहे’ असे सांगणारे शिक्षकही आहेत. त्यांच्या वर्गातून उठलेले बरे.

आता थोडा हिशेब. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा एक श्वास साधारण ५०० मिलीचा असतो. त्यातली सुमारे १५० मिली हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर वायुकोशांना मिळतात ३५० गुणिले १२, म्हणजे ४,२०० मिली. घाबरलेला माणूस मिनिटाला २४ उथळ श्वास घेतो. प्रत्येक श्वास २५० मिलीचा धरला तर एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. पण कामाला येते ती फक्त २,४०० मिली. उरलेली हवा नळीतल्या नळीत ये-जा करते. म्हणून धाप लागल्यासारखे वाटते, म्हणून तो आणखी जोर करतो, आणि मग गाडी दुसऱ्या टोकाला, म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवा घेण्याकडे जाते. उलट मिनिटाला सहाच श्वास घेतले तर तेच ४,२०० मिली पुरवायला प्रत्येक श्वास ८५० मिलीचा झाला की पुरे. रोजच्या श्वासाच्या दुप्पटसुद्धा नाही. छाती फुगवून, खांदे कानाला टेकवून काठोकाठ भरण्याची गरज कुठेच लागत नाही.

सोडण्यावर एवढा भर का? श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास सोडला तर हे बोटांना कळते. तरुण माणसात तर फारच स्पष्ट. मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम सोडताना घट्ट होतो आणि घेताना तो सैलावतो. सोडण्याचा काळ लांबवला की लगामाचा काळ लांबतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, म्हणजे दर दहा सेकंदांना एक झाला, की रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा आणि श्वास यांची लय जुळते. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रजप या दोहोंत श्वास आपोआप याच वेगाला येतो असे त्यात दिसले. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त स्थिर करण्याचा जो श्वासाचा उपाय आहे, तोही श्वास बाहेर टाकण्यापासूनच सुरू होतो. निरनिराळ्या काळांतली, निरनिराळ्या श्रद्धांची माणसे एकाच ठिकाणी पोचली, हे विचार करण्याजोगे आहे.

प्रत्यक्षात सुरुवात झोपून करावी, बसून नव्हे. पाठीवर झोपून गुडघे उभे ठेवावेत, तळपाय जमिनीला टेकलेले, डोक्याखाली पातळ उशी. कमरेचा पट्टा किंवा नाडी सैल करावी; ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि निम्मे काम तिथेच अडते. एक हात छातीच्या मधल्या हाडावर, दुसरा बेंबीच्या वर. श्वासपटल हा बरगड्यांच्या तळाशी असलेला घुमटाच्या आकाराचा स्नायू. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोटातले अवयव जरा पुढे ढकलले जातात म्हणून पोटावरचा हात उचलला जातो. ‘श्वास पोटात घ्या’ ही नुसती बोलण्याची रीत आहे, हवा फुप्फुसाच्या खाली जात नाही. हे माहीत नसले की लोक पोटाचे स्नायू ताणून पोट मुद्दाम पुढे काढतात आणि श्वास मात्र छातीतच राहतो. हात वर येतो, पण पोट दगडासारखे कडक लागते. त्यावरून चूक ओळखावी. दुसरी चूक याच्या उलट: श्वास घेताना पोट आत ओढणे. वर्षानुवर्षे पोट आत धरून वावरणाऱ्यांना ही सवय इतकी जडलेली असते की सरळ श्वासच त्यांना उलटा वाटतो. त्यांनी पालथे झोपावे, दोन्ही हातांची घडी करून कपाळ त्यावर टेकवावे, म्हणजे मकरासन. श्वास घेतला की पोट जमिनीला दाबले जाते, सोडला की सुटते. शिकवणाऱ्याची गरजच पडत नाही, जमीन शिकवते.

पहिला आठवडा आकडे न मोजता फक्त सोडण्याकडे लक्ष द्यावे. नाकानेच सोडावा. पोटावरचा हात खाली बसू द्यावा, शेवटची हवा पिळून काढू नये. सोडून झाल्यावर एक छोटी विश्रांती आपोआप येते, तिथे घाई करू नये. पुढचा श्वास स्वतःहून आत येईल तेव्हा येऊ द्यावा. घेण्यासाठी काहीही करायचे नाही, हेच लोकांना सर्वांत अवघड जाते. असे दहा-बारा श्वास, मग नुसते पडून राहावे, पुन्हा दहा-बारा. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा.

मग मोजणी. सहज सोडलेला श्वास किती अंक टिकतो ते पाहावे. तो तीन असेल तर चार करावा, चार असेल तर पाच. दोन-तीन दिवसांनी एक अंक, त्याहून जास्त घाई नाही. घेताना चार आणि सोडताना सहा, इथे आले की मिनिटाला बरोबर सहा श्वास होतात. बहुतेकांना आयुष्यभर एवढे पुरते. अंक घड्याळाच्या सेकंदाच्या ठोक्याने मोजावेत, नाडीच्या ठोक्याने मोजू नयेत. नाडीच श्वासाबरोबर जलद-मंद होत असल्यामुळे मोजपट्टीच लांब-आखूड होते. आपण हद्द ओलांडली हे ओळखायची खूण एकच आहे: पुढचा श्वास कसा येतो ते पाहणे. तो हबकून आला, तोंड उघडले, मानेच्या शिरा ताणल्या किंवा खांदे उचलले गेले, तर आधीचा सोडलेला श्वास ताकदीबाहेर लांबवला होता. एक अंक कमी करावा. मध्येच जांभई किंवा मोठा उसासा आला तर दाबू नये.

आपला नेहमीचा श्वास मिनिटाला किती आहे हे स्वतः मोजून कळत नाही, कारण लक्ष गेले की तो बदलतो. घरातल्या कोणाला तरी आपण वाचत बसलो असताना गुपचूप पूर्ण एक मिनिट मोजायला सांगावे. प्रौढांमध्ये १२ ते २० हे सामान्य समजले जाते.

बसून करायचे तर पद्मासनाचा हट्ट नको. कुठेही बसा, कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर बुडाखाली चादरीची जाड घडी घ्यावी. घडीच्या पुढच्या कडेवर बसावे, मधोमध नाही. अन्यथा कंबर मागे कलते, पोट दुमडते आणि श्वासपटलाला खाली यायला जागा राहत नाही. खुर्चीवर बसणाऱ्यांनी दोन्ही तळपाय टेकवावेत आणि पाठ टेकू न देता पुढच्या भागात बसावे. पाठ फार ताठ केली तर खालच्या बरगड्या पुढे उचकटतात, तेही वाईटच. भरपेट जेवणानंतर तीन तास जाऊ द्यावेत. नुसता सावकाश श्वास मात्र कधीही, अगदी रांगेत उभे असतानाही चालतो.

आता अनुलोम-विलोम, ज्याला श्वास न रोखता केलेले नाडीशोधनही म्हणतात. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट तळव्याकडे दुमडावे. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका व करंगळी डावीसाठी. बोट नाकाच्या टोकाशी नको आणि हाडावरही नको. हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे, बाजूने हलके टेकवावे. नाकपुडी बंद व्हायला फार थोडा दाब लागतो. नाक एका बाजूला वाकलेले दिसत असेल तर दाब जास्त आहे, आणि त्यामुळे उघडी नाकपुडीही अरुंद होते. आरशासमोर एकदा बघून घ्यावे. मान सरळ, हनुवटी किंचित खाली. हात दमू लागला की डोके हाताकडे झुकते, याकडे बहुतेकांचे लक्षच नसते. डाव्या तळव्याचा आधार उजव्या कोपराला दिला की प्रश्न मिटतो.

आधी दोन्ही नाकपुड्यांनी श्वास सोडून द्यावा. उजवी बंद, डावीने चार अंक घ्या. डावी बंद, उजवीने सहा अंक सोडा. त्याच उजवीने चार अंक घ्या. उजवी बंद, डावीने सहा अंक सोडा. हे एक आवर्तन. सोडला त्याच नाकपुडीने घ्यायचा, भरल्यावर बाजू बदलायची, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. एका आवर्तनाला वीस सेकंद, म्हणजे नऊ आवर्तनांना तीन मिनिटे. सुरुवातीला तेवढे भरपूर. महिन्याभराने सोडणे आठ अंकांवर नेता येते, घेणे चारवरच ठेवावे. शेवट डावीने सोडून करावा, हात खाली घ्यावा आणि लगेच उठू नये. श्वासाचा आवाज शेजारच्याला ऐकू जाता कामा नये.

‘माझी एक नाकपुडी कायम बंदच असते’ ही तक्रार हमखास येते. दोन्ही नाकपुड्या सारख्या मोकळ्या असणे हेच अपवादाने घडते. आतल्या त्वचेला सूज येण्या-उतरण्याचे एक चक्र असते आणि काही तासांनी मोकळी बाजू बदलते. हवा थोडी अडत असेल तर त्या बाजूला अंक न वाढवता चालू ठेवावे. पूर्ण बंद असेल, सर्दी असेल, तर त्या दिवशी अनुलोम-विलोम सोडून द्यावा आणि नुसते सोडणे लांबवावे. चोंदलेल्या नाकातून जोराने हवा ओढली की कानात दडे बसतात आणि डोके दुखते. महिनोन्महिने एकच बाजू बंद राहत असेल तर नाकाचे हाड वाकडे आहे का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची क्रिया, करणाऱ्यांसाठी जाता जाता: अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, आणि पाणी उकळून मग कोमट केलेले. नळाचे थेट पाणी नाकात घालू नये, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो.

भ्रामरीचा उल्लेख चौकटीत शेवटी येतो; आमच्या मते अस्वस्थ माणसासाठी तो पहिला असावा. कारण साधे आहे. गुंजन करताना श्वास आपोआप लांबतो, अंक मोजावे लागत नाहीत, आणि मन आवाजाला धरून राहते. नाकाने सहज श्वास घ्यावा. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना टेकलेले नसावेत, जीभ सैल. ‘म्’ असा नाद करत श्वास सोडावा. स्वर आपल्या बोलण्याच्या पट्टीच्या किंचित खाली. वरच्या पट्टीत गेले की गळा आवळला जातो. नाद नीट असेल तर ओठ, टाळू आणि कपाळाच्या पुढच्या भागात बारीक थरथर जाणवते. फक्त गळ्यात जाणवत असेल तर दात आवळलेले आहेत. आठ ते बारा सेकंद पुरेत, आवाज कापरा होऊ लागण्याआधी थांबावे. प्रत्येक नादानंतर एक साधा श्वास, मग पुढचा. असे पाच ते सात.

कान बंद करायचे तर बोट भोकात घालू नये. कानाच्या भोकासमोर जो छोटा कूर्चेचा उंचवटा असतो तो तर्जनीने हलकेच आत दाबावा. काही पद्धतींत उरलेली बोटे डोळ्यांवर ठेवतात. ती पापणीला स्पर्श करण्यापुरतीच, बुबुळावर दाब अजिबात नको. काचबिंदू असलेल्यांनी डोळ्यांना हातच लावू नये. कान वाहत असेल तर कान मोकळे ठेवून नुसते गुंजन करावे. आणखी एक गंमत: २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी गुंजन करताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोजला, तेव्हा तो साध्या उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट भरला. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली हवा नादाने खेळती होते, त्याचा हा परिणाम.

उज्जायी वर्णनापेक्षा करून लवकर कळते. तोंड उघडून आरशावर वाफ धरण्यासाठी ‘हाऽ’ करतो तसा श्वास सोडावा, आणि तसाच सोडत असताना मध्येच तोंड मिटावे. घशात जी घासल्यासारखी जाणीव उरते ती उज्जायी. आवाज फक्त आपल्याला ऐकू येईल इतकाच. घसा कोरडा पडला किंवा दुखला तर घर्षण जास्त आहे. शीतली, म्हणजे जिभेची नळी करून श्वास आत घेणे, उन्हाळ्यात बरे वाटते. पण हवा तोंडाने येते, नाकातली गाळणी आणि ऊब दोन्ही चुकते. दमा, सर्दी किंवा धूळ-धूर असेल तिथे नको. जिभेची नळी काहींना होतच नाही, त्यांनी दातांवर दात ठेवून फटींतून हवा घ्यावी, ती सीत्कारी.

कुंभकाबद्दल, म्हणजे श्वास रोखून धरण्याबद्दल, आमची भूमिका कडक आहे. एक, चार, दोन हे घेणे-रोखणे-सोडण्याचे पारंपरिक प्रमाण पुस्तकातून वाचून १६, ६४, ३२ असे आकडे गाठायला निघालेले उत्साही लोक असतात. मन शांत करण्यासाठी याची गरज नाही. श्वास रोखल्यावर कार्बन डायऑक्साइड साचतो, गुदमरल्याची भावना येते, आणि धास्तीचा त्रास असलेल्यांना नेमकी तीच नको असते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, काचबिंदू यांत कुंभक करूच नये. इतरांनीही शिक्षक समोर असल्याशिवाय करू नये.

आणि कपालभाती. हे लिहिल्याने काही वाचक नाराज होतील, पण शांततेच्या यादीत ती छापणे बंद झाले पाहिजे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आठ कुंभकांची, म्हणजे तिथे प्राणायामाच्या आठ प्रकारांची, यादी आहे, तिच्यात कपालभाती नाही. ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या जोडीने शुद्धिक्रियांमध्ये येते. पोटाच्या झटक्याने श्वास बाहेर, आत येणे आपोआप, असे तिचे काम. ती तरतरी आणते, झोप उडवते, नाडी वाढवते. सकाळी निरोगी माणसाने शिकून घेऊन मिनिटाला ३० ते ६० झटक्यांच्या बेताने केली तर चांगलीच. रात्री झोप येत नाही म्हणून करणे मात्र उलटे आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, गर्भारपण, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार, फिट्सचा आजार, या सगळ्यांना ती वर्ज्य. फिट्सचा मुद्दा गंभीर आहे: मेंदूचा विद्युत आलेख काढताना डॉक्टर रुग्णाला मुद्दाम काही मिनिटे जोराने श्वास घ्यायला लावतात, कारण त्याने दडलेला दोष आलेखात उमटू शकतो. भस्त्रिकेत घेणे आणि सोडणे दोन्ही जोरात, त्यामुळे तिला हेच सगळे अधिक कडकपणे लागू. पोहणाऱ्यांनी तर भराभर श्वास घेऊन लगेच पाण्याखाली बुडी मारण्याचा खेळ कधीही करू नये. श्वास घेण्याची ओढ कार्बन डायऑक्साइडमुळे लागते; तो आधीच धुऊन काढला की ओढ लागण्यापूर्वी प्राणवायू संपतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती. चौकट छापताना ‘कोणी करू नये’ ही ओळ तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावी, घेण्या-सोडण्याचे अंक आणि आवर्तने द्यावीत, आणि छायाचित्र एखाद्या जाणकाराला दाखवून मग घ्यावे. अंगठ्याने नाक चेपलेले, कोपर खांद्याच्या वर उचललेले आणि छाती फुगवलेली छायाचित्रे पाहून वाचक तेच करतात.

राहिला प्रश्न ऐन घबराटीच्या वेळचा. अशा वेळी ‘दीर्घ श्वास घे’ म्हणणे सर्वांत वाईट, कारण तो माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो. त्याला सोडायला सांगावे. डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला घट्ट टेकवावेत, ओठांचा चंबू करून हवा सावकाश सोडावी, मग नाकाने छोटासा श्वास. शेजारी बसून आपण हळू आवाजात अंक मोजले तर त्याला ते धरून चालता येते. दोन-तीन मिनिटांत मुंग्या कमी होऊ लागतात. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिले की भीती आणखी वाढते. त्यांनी श्वासाकडे लक्ष देणे थांबवावे आणि चालावे, तीन पावलांत घेणे, चार-पाच पावलांत सोडणे, किंवा नुसते गुणगुणावे. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नये. समोरच्याला दमा आहे की हृदयाचा झटका, हे आपल्याला बाहेरून कळत नाही आणि त्यांत पिशवी घातक ठरते. दम्याचा झटका असेल तर आधी डॉक्टरांनी दिलेला पंप, श्वासाचे प्रयोग नंतर कधीतरी.

रात्री अंथरुणात चार-सहाच्या गतीने वीस-पंचवीस श्वास घेऊनही झोप आली नाही तर मोजणे थांबवावे. ‘झोप यायलाच हवी’ म्हणून मोजत राहिले की तेच जागरण होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सावकाश श्वासानंतर एकदम उभे राहू नये, आधी मिनिटभर बसावे. आकडे चांगले दिसू लागले तरी गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. बसल्या जागी धाप लागणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, छातीत दडपण येऊन हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाणे, मोठ्या घोरण्यासोबत दिवसा डुलक्या लागणे, यांपैकी काही असेल तर प्राणायामाचा वर्ग शोधत बसू नये. छातीतल्या कळेला तर दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळही मोजून वापरावा लागतो.

आपले,
योगवर्ग घेणारे काही शिक्षक